कोर्लईची न दिसणारी वास्तू

कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्याच्या समोर, कोर्लई हे लहानसे गाव आहे. किल्ला, दीपगृह आणि चर्च एवढी नावे घेतली की त्याची ओळख संपली, असे आपण मानतो. पोर्तुगीजांनी १५९४ साली निजामशाहीकडून टेकडी जिंकली, १७४० साली ती मराठ्यांकडे आली, हे सनही आपल्याला पाठ असतात. आमच्या मते गावातील सर्वांत मोलाची वास्तू या यादीत येतच नाही. ती दगडाची नाही, म्हणून.

येथील ख्रिस्ती वस्तीच्या घरबोलीला बोलणारे ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, म्हणतात. शब्द बहुतांशी पोर्तुगीज वळणाचे. क्रियापद मात्र मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी. सत्ता गेली, तिच्याशी असलेला संबंध तुटला, तरी मराठीच्या शेजारात ही बोली पावणेतीनशेहून अधिक वर्षे टिकली. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ साली तिच्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला.

ही तर परसत्तेची खूण, असा आक्षेप कोणी घेईल. पण जिच्या वाक्यरचनेला मराठीने वळण दिले, ती परकी कशी? भाषासंपर्क शिकवताना आपण दूरदेशीची उदाहरणे देतो आणि अलिबागेजवळचे हे विसरतो. बोलणारे जेमतेम काही शेकडा आहेत. मराठी विभागांनी वस्तीच्या संमतीने त्यांच्या गोष्टी, गाणी आताच ध्वनिमुद्रित करावीत. किल्ल्याची डागडुजी पुढच्या पिढीलाही करता येईल. हे काम तेवढे थांबणार नाही.