दुसरे स्नानगृह कोणासाठी?

सकाळी साडेसात ते नऊ ही वेळ एकच स्नानगृह असलेल्या घरात सर्वांत कठीण असते. नातवाची शाळा, मुलाचे ऑफिस, सूनबाईंची घाई आणि नेमकी त्याच सुमारास आजींनी रक्तदाबासाठी दिलेली, लघवी वाढविणारी गोळी घेतलेली असते. दार आतून बंद आणि आजी पलंगाच्या कडेवर बसून वाट पाहत आहेत. असे गाऱ्हाणे घेऊन कोणी आले की मी वर्षानुवर्षे एकच सल्ला देत आलो : जमत असेल तर दुसरे स्नानगृह बांधा. हा सल्ला अर्धवट होता, हे मला एका आजींनी शिकविले. त्यांच्या संमतीने, ओळख पटणार नाही अशा बेताने ती हकिकत सांगतो.

वय अठ्ठ्याहत्तर. तीस वर्षांपूर्वीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर, माणसे सहा. माझ्या सांगण्यावरून चिरंजीवांनी बरीच पदरमोड करून आईच्या पलंगापासून चार पावलांवर, खोलीच्या कोपऱ्यात नवे स्नानगृह काढले. त्यानंतर चार महिन्यांनी ते आईला घेऊन दवाखान्यात आले. ‘‘डॉक्टर, दोन दिवस ती काहीतरी असंबद्ध बोलते आहे. विसरण्याचा आजार सुरू झाला असेल का?’’

आजींची जीभ कोरडी होती, अंगात कणकण होती. वरचा रक्तदाब झोपून १३० आणि उभे केल्यावर १०४ भरला. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत तो वीस किंवा त्याहून अधिक अंकांनी उतरला, तर आम्ही ती धोक्याची खूण मानतो. लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. वृद्धांमध्ये शरीरातील पाणी कमी होणे आणि संसर्ग ही जोडी पुष्कळदा ताप किंवा जळजळ यांऐवजी गोंधळलेल्या बोलण्यातून प्रकट होते. घरच्यांना तो स्मृतिभ्रंश वाटतो. औषध आणि पाणी सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी आजी पूर्ववत बोलू लागल्या.

‘‘आजी, दिवसाला पाणी किती पिता?’’

‘‘जेवताना अर्धा पेला. संध्याकाळी पाचनंतर घोटसुद्धा नाही.’’

‘‘ते का बरं?’’

त्यांनी आधी मुलाकडे पाहिले. मग म्हणाल्या, ‘‘लेकानं नवी बाथरूम फार छान केली हो. पण तिला दोन पायऱ्या आहेत. रात्री उतरताना खालची दिसत नाही. पडले, तर सगळ्यांनाच त्रास. त्यापेक्षा पाणीच नको.’’

चिरंजीव खाली मान घालून बसले होते. त्यांच्याइतकाच दोष माझाही होता. बांधा म्हणताना, कोठे बांधणार आणि जमीन किती उचलली जाणार, हे मी विचारले नव्हते.

त्या रविवारी मी घर पाहायला गेलो. प्लंबरलाही बोलावून घेतले होते. त्याने जे समजावले ते कुटुंबातील प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. शौचालयाची नळी साधारण चार इंच व्यासाची असते आणि तिला चाळीस इंचांना एक इंच असा ढाळ द्यावा लागतो. ढाळ कमी पडला, तर पाणी पुढे जाते, मैला मागे राहतो आणि नळी वारंवार तुंबते. या घरात नवे शौचालय बाहेरच्या उभ्या नळीपासून पंधरा फूट लांब होते. पंधरा फूट म्हणजे एकशे ऐंशी इंच, म्हणजे साडेचार इंचांचा ढाळ. त्यात नळीचे स्वतःचे चार इंच, वर कोबा आणि फरशी. बेरीज दहा इंचांच्या घरात जाते. जुन्या स्नानगृहाखालचा स्लॅब मुळातच खाली सोडलेला असतो, म्हणून तेथील नळ्या फरशीखाली दडतात. बाकीच्या खोल्यांखाली तशी जागा नसते. नळी स्लॅब फोडून खालच्या घराच्या छतातून न्यायची, तर खाली त्यांचे स्वयंपाकघर. ते का परवानगी देतील? तेव्हा भराव घालून जमीन उचलणे एवढाच मार्ग प्लंबरपुढे उरला. त्याचे काही चुकले नव्हते.

आता पुन्हा फोडाफोड परवडणारी नव्हती. बरीच चर्चा झाली आणि तोडगा काढला सूनबाईंनी. ‘‘नवी बाथरूम आम्ही वापरतो. जुनी आईंना देऊन टाकू.’’ इतकी साधी गोष्ट आम्हा कोणाला सुचली नव्हती! जुने स्नानगृह खोलीच्या जमिनीला समतल होते, नेहमीच्या सवयीचे होते. उणीव होती ती ते सकाळी रिकामे मिळण्याची आणि अंतराची. आजींचा पलंग शेजारच्या खोलीत हलविला. दार बाहेर उघडेल असे फिरवून घेतले, कारण आत पडलेले माणूस दाराला टेकले, तर आत उघडणारे दार ढकलता येत नाही. बाहेरूनही उघडता येईल अशी कडी बसविली. कमोडशेजारी, बसलेल्या हाताला सहज सापडेल तेथे, विटांच्या भिंतीत पक्का रोवलेला स्टीलचा दांडा आला. टॉवेल अडकवायची दांडी या कामाची नव्हे, ती भार पडताच निखळते. उंच कमोड घ्यावा असे सर्रास सांगितले जाते. परंतु आजींची उंची पाच फुटांच्या आत, पाय अधांतरी राहिले असते. बसल्यावर दोन्ही पावले जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत, तीच योग्य उंची.

ज्यांचे काम अद्याप व्हायचे आहे, त्यांनी नवे स्नानगृह शक्यतो जुन्याच्या भिंतीला लागून काढावे. अंतर चार फुटांचे असेल, तर ढाळ सव्वा इंचाच्या आत भागतो. निकास मागे भिंतीतून नेणारा कमोड घेतला, तर जमीन आणखी कमी उचलावी लागते. फरशी बसविण्यापूर्वी पाणी कोंडून दोन दिवस ठेवायला सांगा आणि खालच्या घरात जाऊन छत स्वतः पाहा. शेजाऱ्यांशी होणारी भांडणे पुष्कळदा या दोन दिवसांच्या आळसातून जन्मतात.

वायरिंग टाळण्यासाठी नव्या स्नानगृहात गॅस गिझर बसविण्याचा मोह मात्र मुळीच नको. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस हाक मारण्याआधीच बेशुद्ध होतो. बसवायचाच असेल, तर बाहेर, मोकळ्या हवेत.

आणखी एक तक्रार हमखास येते : क्वचित वापरातल्या स्नानगृहाला दुर्गंधी येते, झुरळे निघतात. लोक फिनेल ओतत बसतात. नहाणी ट्रॅपमध्ये थोडे पाणी साठून राहते आणि तेच गटाराची हवा अडवते. वापर नसला की ते सुकते. चार दिवसांनी एक तांब्या पाणी ओतले की पुरे.

आजींच्या गोष्टीकडे परत येतो. पाणी दिवसभरात विभागून, बहुतेक संध्याकाळी सातच्या आत पिण्याचे ठरले. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे बंधन आहे, त्यांनी हे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. रात्री उठताना दोन मिनिटे पलंगाच्या कडेवर बसायचे आणि मगच पाय टाकायचा. पुरुषांनीही रात्री बसूनच लघवी करावी. उभ्याने करताना रक्तदाब उतरून कोसळलेले आजोबा मी पाहिले आहेत.

परवा त्या तपासणीला आल्या होत्या. उभे केल्यावर रक्तदाब सहाच अंकांनी उतरला. गोळी केव्हा घेता, असे विचारले. ‘‘सकाळी आठ वाजता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता माझं दार मोकळं असतं. नातू मात्र कुरकुरतो, त्याला रोज दोन पायऱ्या चढाव्या लागतात म्हणून.’’