मध्यमा पूर्ण, गाणे अपूर्ण

दहावीच्या वर्षात शाळांच्या कार्यालयांतली एक फाईल अलीकडे भलतीच जाड होऊ लागली आहे. गायन, तबला, कथक, भरतनाट्यम यांच्या उत्तीर्ण परीक्षांच्या प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती तीत असतात. मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी हे प्रस्ताव विभागीय मंडळाकडे रवाना होतात आणि वाढीव गुणांच्या रूपाने गुणपत्रिकेत उतरतात. प्रस्ताव मुदतीत पोहोचावा म्हणून पालक शाळेचे उंबरठे झिजवतात, हरवलेल्या प्रमाणपत्राच्या दुय्यम प्रतीसाठी धावाधाव करतात. आणि ज्या वर्षी ही धावपळ चालते त्याच वर्षी, बहुधा त्याच घरांत, पेटी खोक्यात बंद होऊन माळ्यावर जाते आणि ‘आता दहावी आहे’ या तीन शब्दांत गाण्याचा क्लास संपतो. या दोन घटनांमध्ये कार्यकारणभाव आहे. त्याकडे डोळेझाक करण्याची किंमत एका पिढीने मोजायला सुरुवात केली आहे. पुढच्या पिढीला ती चक्रवाढ व्याजाने मोजावी लागणार आहे.

शास्त्रीय कलांना शालान्त गुणपत्रिकेत स्थान देणारा शासनाचा निर्णय दुष्ट हेतूने घेतलेला नव्हता. कलेला प्रतिष्ठा मिळावी, पालकांनी तिला वेळेचा अपव्यय समजू नये, हा त्यामागचा विचार स्तुत्यच होता. परंतु अंमलबजावणीचे माप हाती घेताना शासनाने नेमके चुकीचे माप उचलले. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत निदान श्रेणी पाहिली जाते. वरच्या श्रेणीला अधिक गुण, खालच्या श्रेणीला कमी. गायन-वादन-नृत्याच्या बाबतीत मात्र पाहिली जाते ती उत्तीर्ण परीक्षांची संख्या. मुलगी किती परीक्षा उत्तीर्ण झाली एवढेच शासनाला कळून घ्यायचे आहे. ती कशी गाते याची चौकशी करण्याचे त्याला प्रयोजन वाटलेले नाही. काठावर तरलेला आणि विशेष योग्यतेने उजळलेला, दोघे या हिशेबात तंतोतंत समान. सामाजिक समतेच्या बाबतीत सरकारला इतकी तत्परता दाखवता आली असती, तर महाराष्ट्राचे बरेच प्रश्न केव्हाच सुटले असते.

मापच असे असेल तर समाज त्या मापाने वागणार, यात नवल नाही. २०२५ च्या दहावीत शंभर टक्के गुण मिळवणारे २११ विद्यार्थी ज्या राज्यात निघतात, तिथे दहा-पंधरा गुण म्हणजे अकरावीच्या पसंतीच्या महाविद्यालयाचे दार. मग पालक उलट्या दिशेने मोजू लागतात. नववीच्या अखेरीस इतक्या परीक्षा हव्यात, म्हणजे सहावीत प्रारंभिक, तिच्यामागून प्रवेशिका प्रथम, मग प्रवेशिका पूर्ण, मग मध्यमा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मेच्या आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात. शिक्षिकेकडे नाव घालतानाच आई विचारते, ‘पुढच्या सत्राला बसवाल ना?’ मुलाचा आवाज कुठल्या पट्टीत बसतो, त्याला काय ऐकायला आवडते, हे प्रश्न त्या संभाषणात कधीच येत नाहीत. जी शिक्षिका ‘एक वर्ष नुसता षड्ज लावू दे’ म्हणते, तिचा वर्ग ओस पडतो. जी अर्ज भरून देते, तिच्याकडे प्रतीक्षायादी लागते. अशा बाजारात प्रामाणिक गुरूने जगायचे कसे, याचे उत्तर शासननिर्णयात नाही.

मग वर्गात जे शिकवले जाते ते परीक्षेपुरतेच उरते. वहीत रागाचा थाट, वादी-संवादी, आरोह-अवरोह आणि पकड. खाली आठ मात्रांच्या चौकटींत बसवलेल्या ताना, एका ओळीत चार, पाठ करून म्हणण्याजोग्या. भूपात गंधार वादी, देशकारात धैवत वादी, हे उत्तर मुलगी झोपेतून उठवली तरी देईल. पण ‘गाऊन दाखव’ म्हटले की दोन्ही रागांचा चेहरा एकच, कारण धैवतावर थांबायचे म्हणजे काय हे तिच्या गळ्याने कधी केलेले नसते आणि कानाने कधी ऐकलेले नसते. पेटीच्या पट्ट्यांना धरून स्वर चालतात. पेटी थांबली की स्वर पांगतात. मोबाइलमधला तंबोरा ‘काळी चार’वर लावला की वाजतो, म्हणून तारा जुळवण्याची वेळच येत नाही. मध्यमा उत्तीर्ण झालेल्या मुलांपुढे खरा तंबोरा ठेवून ‘लाव’ म्हणावे. त्यांतली बरीच मुले आधी शिक्षिकेकडे बघतील.

परीक्षेच्या दिवसाचे दृश्य तर समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवावे असे. एप्रिलच्या उन्हात कुठल्याशा शाळेच्या वर्गात केंद्र, बाके भिंतीला सरकवलेली, मधे सतरंजी, तबलजी आणि पेटीवाले घामाघूम. व्हरांड्यात आया वह्या उघडून शेवटची उजळणी घेत आहेत. एक जण झपतालाचे बोल हातावर मोजायला लावते आहे, दुसरी लक्षणगीताचा अंतरा कुजबुजते आहे. बाहेर येणाऱ्या प्रत्येक मुलाभोवती कोंडाळे जमते आणि एकच प्रश्न होतो, ‘काय काय विचारलं?’ गाताना मजा आली का, हे त्या व्हरांड्यात कोणी विचारत नाही. निकाल लागला की प्रमाणपत्र हातात धरलेले छायाचित्र कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर झळकते, टाळ्यांच्या चिन्हांचा वर्षाव होतो आणि पुढच्या सत्राची तयारी सुरू होते.

ही पद्धत ज्यांनी घातली त्यांच्या हेतूशी या दृश्याचा ताळा करून पाहावा. ५ मे १९०१ रोजी विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, तेव्हा गाणे दरबारात आणि कोठीवर होते. सभ्य समजल्या जाणाऱ्या घरांना ते वर्ज्य होते. अभ्यासक्रम, छापील पुस्तके, स्वरलेखन, इयत्ता ही त्यांची शस्त्रे होती. गाण्याला उघड्यावर, सन्मानाने आणि सर्वांसाठी आणणे हे त्यांचे उद्दिष्ट होते. त्यासाठी त्यांनी कर्ज काढले, मुंबईतली विद्यालयाची वास्तू त्या कर्जापायी लिलावात गेली, तरी माघार घेतली नाही. १९३१ मध्ये ते मिरजेत वारले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी जे मंडळ उभारले, त्याच्या परीक्षा आज देशभर होतात. भातखंडे यांनी दुसऱ्या वाटेने, क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग लिहून, घराण्यांच्या पेट्यांत कुलूपबंद असलेल्या बंदिशी सामान्य विद्यार्थ्याच्या हाती दिल्या. परीक्षेने एकेकाळी महाराष्ट्रात सामाजिक क्रांती केली, हे विसरता येत नाही. मध्यंतरी तिचा उपयोग लग्नाच्या बाजारात झाला. ‘मुलगी गाण्याच्या परीक्षा दिलेली आहे’ हे कांदेपोह्यांच्या बशीबरोबर सांगितले जाई. आता तो बाजार बदलून टक्केवारीचा झाला, एवढाच आपल्या प्रगतीचा तपशील.

पाश्चात्त्य संगीताच्या पदवीपूर्व ग्रेड परीक्षांचे चित्रही वेगळे नाही. मुंबई, पुणे आणि गोव्यात लंडनच्या संस्थांच्या आठ ग्रेडची शिडी लोकप्रिय आहे, आणि ब्रिटनमध्ये सहावी ते आठवी ग्रेड विद्यापीठ-प्रवेशाच्या गुणांत धरली जात असल्याने तिथले पालकही शिडी मोजतच चढवतात. ज्या गोव्याच्या पॅरिश शाळांमधून सोल्फेजिओ आणि व्हायोलिन शिकून बाहेर पडलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले, तिथे मुले रोज प्रार्थनेच्या वेळी एकत्र गात आणि वाजवत होती. वर्षानुवर्षांची ती सवय आज कुठल्या ग्रेडने भरून काढायची?

पालकांचा दोष शासनापेक्षा कमी नाही, उलट अधिक जवळचा आहे. संगीत आठवड्यातून दोनदा पाऊण तास शिकवले जाते आणि उरलेले सगळे दिवस घरी घडते. नऊ वर्षांचे मूल आपण होऊन रियाजाला बसत नाही. बसावे अशी अपेक्षा करणाऱ्याने स्वतः त्या वयात किती वेळा पाढे स्वेच्छेने म्हटले ते आठवावे. कोणीतरी शेजारी बसावे लागते. प्रत्येक किशोरीताईंच्या घरी मोगूबाई कुर्डीकर नसतात, हे मान्य. पण ज्या आईवडिलांना सा कुठला आणि प कुठला हे कळत नाही, त्यांनाही अर्धा तास टीव्ही बंद ठेवता येतो, ‘परवा म्हणत होतास ते पुन्हा म्हण’ असे सांगता येते, रविवारी सकाळी घरात एखादा ख्याल लावून ठेवता येतो, गावातल्या बैठकीला मुलाला घेऊन जाता येते. यातले फारच थोडे घडते. पालकांचा सहभाग म्हणजे क्लासला सोडणे आणि आणणे, अशी समजूत रूढ झाली आहे. श्रीकृष्णाने सारथ्य केले तेही गीता सांगून. आमचे सारथी रस्त्यात इंग्रजीचे गृहपाठ विचारतात.

याचे परिणाम एकेक करून पाहावेत, कारण ते एकाखाली एक रचले जात आहेत. पहिला परिणाम मुलावर. तेरा-चौदाव्या वर्षी मुलांचा आवाज फुटतो; या वयात हळुवार मार्गदर्शनाची सर्वाधिक गरज असते आणि नेमक्या याच वयात क्लास बंद होतो. मूल एवढेच शिकते की कला हे एकदाच वटवायचे नाणे आहे. पंधराव्या वर्षी ज्याने गाणे सोडले, तो पंचविसाव्या वर्षी गाणे ऐकायला जाईल ही आशा भाबडी आहे.

दुसरा परिणाम श्रोत्यांवर. १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या गर्दीकडे बोट दाखवून समाधान मानणाऱ्यांनी जिल्ह्याच्या गावातल्या संगीत मंडळांच्या मासिक बैठकांना एकदा जावे. पुढच्या रांगांत पांढरी डोकी, मागे रिकाम्या खुर्च्या, आणि तबलजीचे मानधन कुठून द्यायचे या चिंतेत असलेले कार्यवाह. त्याच शहरात मध्यमेला बसलेली शेकडो मुले-मुली असतात. बैठकीला त्यांतले कोणी येत नाही, कारण ती ‘परीक्षेला नाही’.

तिसरा परिणाम कारागिरांवर. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा मान आपण सर्वांनी मिरवला. पण मानांकनाने तंबोरा विकला जात नाही. भोपळा वाळवून, त्यावर तबकडी चढवून, जवारी काढणारा कारागीर घराघरांत तंबोरा असेल तरच टिकतो. ज्या राज्यात संगीताचे विद्यार्थी वाढतात आणि तंबोऱ्याची मागणी आटते, तिथे मानांकनाचा कागद लवकरच स्मृतिचिन्ह होतो.

चौथा परिणाम सर्वांत भीषण आहे, कारण तो परत फिरवता येत नाही. शिडीने चढलेल्यांतले काही जण विशारदपर्यंत पोहोचतात. गल्लीच्या तोंडाशी ‘संगीत विशारद’ अशी पाटी लागते आणि क्लास सुरू होतो. ज्याने रियाज केला नाही तो रियाज शिकवणार नाही. ज्याला तंबोरा लावता येत नाही तो तंबोऱ्याविना शिकवणार. त्याची मुले परीक्षेला बसणार, उत्तीर्ण होणार, आणि काही वर्षांनी त्यांच्यातूनच परीक्षक नेमले जाणार. गुरुपरंपरेत एक पिढी कच्ची निघाली तर आधीच्या पिढीतले जाणकार तिला दुरुस्त करतात. दोन पिढ्या कच्च्या निघाल्या, की दुरुस्त करणारेच संपतात, आणि बेसूरपणा हाच प्रमाण ठरतो. ग्वाल्हेरची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणली ती कष्टांनी. ती घालवायला मात्र दर सहा महिन्यांनी एक निकालपत्रक पुरेल.

शासनाने गुणांची अट तातडीने बदलावी. उत्तीर्ण परीक्षांची संख्या बाजूला ठेवून गाठलेला स्तर आणि मिळालेली श्रेणी धरावी, आणि काठावरच्या उत्तीर्णतेला एकही गुण देऊ नये. त्याला निधी लागत नाही. मंत्रालयातली सही लागते. शाळांत कायम संगीतशिक्षक नेमण्याला मात्र निधी लागतो, आणि नव्या शैक्षणिक धोरणात कला व विज्ञान यांच्यातली भिंत पाडण्याची भाषा करणाऱ्यांनी तो द्यावा. तासिका तत्त्वावरचा, वर्षाअखेरीस मोकळा होणारा शिक्षक भिंती पाडत नाही, नोकरी शोधतो. परीक्षा घेणाऱ्या मंडळांनी मध्यमेपासून तंबोरा किंवा तबला स्वतः जुळवणे अनिवार्य करावे, पाठ तानांऐवजी ऐन वेळी दिलेल्या स्वरवाक्याचा विस्तार मागावा, आणि सत्रामागून सत्र ज्या केंद्रावर एकही विद्यार्थी अनुत्तीर्ण होत नाही तिथल्या परीक्षकाला जाब विचारावा. परीक्षाशुल्काचे उत्पन्न घटेल ही भीती त्यांनी मनातून काढावी. पलुस्करांनी वास्तू गमावली होती.

आणि पालकांनी दहावीच्या वर्षात क्लास चालू ठेवावा. वाढीव गुणांचा प्रस्ताव गेल्यानंतरही.

आज प्रारंभिकेला बसणारी मुले दहावीत पोहोचायला चार-पाच वर्षे आहेत. नियम आज जाहीर झाला तर त्यांच्यावर अन्याय झाला असे कोणालाही म्हणता येणार नाही. पुरेशी पूर्वसूचना देण्याचा हाच अवधी आहे. तो दवडला, तर त्यांची प्रमाणपत्रेही याच संख्येच्या मापाने मोजली जातील, आणि तोवर आजच्या शिडीवरची पहिली तुकडी विशारद होऊन क्लासच्या पाट्या लावून बसलेली असेल.