आधी तिचं ताट वाढा

मालवणच्या किनाऱ्यावर गरोदर बाईच्या अंगात रक्त नसेल, तर दोष समुद्राचा नाही. बांगडा, तारली, पेडवे, मांदेली आपल्या दारात उतरतात. कुळीथ, नाचणी, उकडा तांदूळ, शेवग्याचा पाला यांसाठी कुठे लांब जावं लागत नाही. तरी आचऱ्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत आपल्या मोहल्ल्यांत सातव्या महिन्यातली सून डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून भिंत धरते, आणि घरचे म्हणतात, "दिवसांत होतंच असं." दर वेळी ते 'असंच' नसतं. पुष्कळदा रक्त कमी असतं. आणि ते कमी असण्यामागे घरातली एक शिस्त असते, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आधी पुरुष जेवतात, मग मुलं, मग सासू, आणि जिने रांधलं ती सगळ्यांत शेवटी, उरलेल्या सारात भात कालवून.

हे फक्त मुसलमानांच्या घरात होतं असं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या गरोदर स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पण शेजारच्या घरातही तेच चालतं म्हणून आपली सुटका होत नाही. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय, ७ च्या खाली गेलं की तो गंभीर. अशा बाईला बाळंतपणात रक्तस्राव झाला तर तो सोसायला अंगात काही शिल्लक नसतं. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. आपण त्याला नशीब म्हणतो.

जास्तीचं अन्न लागतं तरी किती? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशेबाने गरोदर बाईला रोज सुमारे ३५० कॅलरी जास्त हव्यात आणि शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅम प्रथिनं जास्त. बाळ अंगावर पीत असताना पहिले सहा महिने ६०० कॅलरी जास्त. म्हणजे दूध पाजणाऱ्या बाईची गरज गरोदर बाईपेक्षाही मोठी. आपल्याकडे मात्र डोहाळे संपले की लाडही संपतात. शंभर ग्रॅम बांगड्यात वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. एक बांगडा, एक अंडं, वाटीभर कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी एवढं तिच्या ताटात रोज पडलं, तरी मोठा पल्ला गाठला जातो. यासाठी सुरमई लागत नाही, डब्यातली महागडी पावडर तर अजिबात नाही.

आता नेहमीचा युक्तिवाद येईल: "आमच्या आजीने पेज पिऊन आठ मुलं वाढवली." वाढवली, खरं आहे. पण आजीला बाळंतपणं किती झाली आणि त्यांतली किती मुलं जगली, हेही एकदा घरात विचारा. तिच्या जावेचं, नणंदेचं काय झालं तेही विचारा. जी वाचली तिचीच गोष्ट आपण सांगतो. जी गेली तिची गोष्ट सांगायला कोण राहिलं?

दुसरा युक्तिवाद धर्माच्या नावाने येतो, आणि तो तर साफ उलटा आहे. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत पूर्ण दोन वर्षं दूध पाजण्याचा उल्लेख आहे, आणि त्याच आयतीत त्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे. सूरह तलाकमध्ये तर घटस्फोट झालेली बाई गरोदर असेल तर बाळंत होईपर्यंत तिच्यावर खर्च करा, आणि तिने बाळाला पाजलं तर त्याचा मोबदला द्या, असं सांगितलं आहे. घटस्फोटित बाईचा हक्क एवढा स्पष्ट असेल, तर नांदत्या बायकोचा किती? 'पाजणं हे आईचं कर्तव्य' यावर आपल्याकडे बयान होतं. 'खाऊ घालणं हे बापाचं कर्तव्य' यावर तुम्ही शेवटचं बयान कधी ऐकलंत?

रोजाचंही तसंच. स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीची भीती असेल तर गरोदर आणि पाजणाऱ्या बाईला रोजा सोडण्याची सवलत आहे. नंतर कजा करायचा की फिदया द्यायचा यावर फिकहमध्ये मतभेद आहेत, सवलतीवर नाहीत. पण ही सवलत घ्यायची म्हणजे घरात लपून खायचं. आठव्या महिन्यातली बाई मार्चच्या कोकणी उकाड्यात इफ्तारच्या भज्यांपुढे तीन तास उभी असते, आणि ती रोज्याने नाही असं कळलं तर शेजारीण भुवई उंचावते. तब्येत कुणाची कशी आहे हे डॉक्टरांनी ठरवावं. भुवई उंचावणाऱ्यांचा इथे काही हक्क नाही.

बाळ जन्मल्यावर तर सगळेच हकीम होतात. पहिलं घट्ट पिवळं दूध, म्हणजे चीक, 'खराब' म्हणून पिळून टाकतात. त्याऐवजी मध आणि घुट्टी चाटवतात. २०१६ मध्ये केरळच्या कोझिकोड जिल्ह्यात एका बापाने पाच अजान होईपर्यंत नवजात बाळाला दूध पाजू दिलं नाही आणि प्रकरण पोलिसांत गेलं. आपण हसलो असू. पण 'आधी घुट्टी, मग दूध' हा त्याचाच धाकटा भाऊ आहे. जन्मल्यापासून तासाभरात बाळ छातीला लागलं पाहिजे आणि सहा महिने दुसरं काही नको, पाणीसुद्धा नको. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला धोक्याचा आहे. कानात अजान जरूर द्या. तिला एक मिनिट लागतं, त्यासाठी दूध थांबवायची गरज नाही.

जुनं सगळंच टाकाऊ असं मी म्हणत नाही. बाळंतिणीचे अळिवाचे आणि डिंकाचे लाडू, मेथी, खोबरं यांत पोषण आहे. पण त्याच बाळंतिणीला 'बाधेल' म्हणून मासळी, फळं आणि पोटभर पाणी बंद करायचं, याला आधार नाही. उलट दूध वाढावं म्हणून मोरी मात्र आग्रहाने खाऊ घालतात. मोरी म्हणजे शार्क. अशा मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, म्हणून गरोदर आणि पाजणाऱ्या बायकांनी ते टाळावेत. टोपलीतली स्वस्त, छोटी मासळीच तिच्यासाठी उत्तम. काट्यासकट चावून खाल्लेल्या पेडव्यांतून चुनाही मिळतो.

आता थेट तरुण मुलांशी बोलतो. तुमच्यातले अनेक जण आखातात आहात, कुणी बोटीवर, कुणी मुंबईत. रोज रात्री व्हिडिओ कॉल होतो. पैसे पोचले का, बाळ लाथ मारतं का, सगळं विचारता. "एचबी किती आलं?" हे किती जणांनी विचारलं? लोहाच्या गोळ्या गरोदरपणात १८० आणि बाळंतपणानंतर १८० घ्यायच्या असतात. त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. शौचाला काळं होतं, पोट जड होतं म्हणून बायका त्या गुपचूप बंद करतात. गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, एवढं सांगायला मस्कतहून विमान पकडावं लागत नाही. आणि दोन मुलांमधलं अंतर हाही पोषणाचाच प्रश्न आहे. अंगावर पिणारं मूल असताना पुन्हा दिवस गेले, तर तिचं शरीर भरून यायला वेळच मिळत नाही.

घराबाहेरचा हिशेबही मागायला हवा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या चौथ्या कलमाने गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीतून मोफत आहार आणि किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. प्रत्यक्षात मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये मिळतात, आणि दुसरं बाळ मुलगी असेल तरच ६,०००. दुसरा मुलगा झाला म्हणून आईचं पोट कमी खातं काय? महाराष्ट्रात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाने अमृत आहार योजना आहे, तिच्यात गरोदर आणि स्तनदा बाईला रोज एक वेळचं ताजं, गरम जेवण मिळतं. पण ती आदिवासी क्षेत्रापुरती आहे, सिंधुदुर्ग तिच्यात नाही. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, घरात सुकट आणि उधारी असते. त्या दोन महिन्यांत दालदी, गाबीत अशा साऱ्याच मच्छीमार घरांतल्या गरोदर बायकांना असं जेवण का नको? ही मागणी आपण एकट्याने करायची नाही, शेजारच्या वाडीला बरोबर घेऊन करायची.

आणि जमातीलाही विचारा. वलीम्याला देगांवर देगा चढतात, जलशाला मांडव पडतो. मग वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन तपासणी का होत नाही? जुम्म्याच्या नमाजानंतर एवढं तरी जाहीर करा, की दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, आणि घरातल्या पुरुषाने सोबत जायचं आहे. आशाताई आणि अंगणवाडीताई घरी येतात तेव्हा त्यांना दारातून परतवू नका. त्यांनी दिलेलं आहाराचं पाकीट सगळ्या घराला वाटून टाकू नका, ते तिचं आहे.

यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी सरकारशी भांडावं लागेल, जमातीशी वाद घालावा लागेल, वेळ जाईल. एक गोष्ट मात्र आजच्या जेवणापासून होऊ शकते आणि तिला कुणाची परवानगी लागत नाही. ताटं मांडताना पहिलं ताट तिचं मांडा, बांगड्याचा मधला तुकडा त्यात वाढा, आणि ती जेवेपर्यंत बाकीच्यांनी थांबा.