शिलाई मशीनला खिडकी द्या

मुंब्रा असो की भिवंडी, आपल्या दोन खोल्यांच्या घरात खिडकीजवळची जागा सोफ्याची. शिलाई मशीन पलंग आणि कपाटाच्या मधल्या अंधारात. ईदच्या आधी घरातली बाई तिथेच रात्री उशिरापर्यंत बसते, आणि शिवते काय, तर काळ्या बुरख्यावर काळा धागा! तिच्या शिलाईचे पैसे घराला चालतात, मशीनची मात्र अडचण होते. मला हे पटत नाही. सोफा हलवा. उजव्या हाताने काम करणारीला उजेड डावीकडून हवा, म्हणजे सुईवर हाताची सावली पडत नाही.

इस्त्रीही जमिनीवर वाकून नको. कोपराच्या जरा खाली येईल असे टेबल, त्यावर जुन्या घोंगडीची चौपदरी घडी, वर सुती चादर. हे टेबल मशीनपासून दोन पावलांवरच असावे. प्रत्येक शिवण टाकली की ती दाबायची असते; इस्त्री लांब असली की कंटाळा होतो आणि कुर्त्याची बाही फुगलेली राहते. 1000 वॅटची इस्त्री चार अँपिअरहून जास्त वीज ओढते. तिला बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड देऊ नका, भिंतीतलाच प्लग द्या.

मग पाहुणे कुठे बसतील, असे अब्बा विचारतीलच. चटईवर. दस्तरखानाभोवती आपण सगळे तसेच तर बसतो.