अविवाहितपणाचा दाखला : एका निराधार शिरस्त्याविरुद्ध



गेल्या महिन्यात आपल्याच जिल्ह्यातील एका विवाहनोंदणी कचेरीत एका मराठी मुलीची आणि तिच्या अमेरिकन नियोजित वराची विवाहाची नोटीस स्वीकारण्यास जो नकार मिळाला, त्याची हकीकत आता सर्वतोमुखी झाली आहे. वराचा पासपोर्ट, व्हिसा, जन्माचा दाखला आणि जिल्ह्यातील वास्तव्याचा पुरावा हे सारे टेबलावर मांडलेले असताना कारकुनाने वकिलातीचा शिक्का असलेल्या, अविवाहितपणाच्या प्रतिज्ञापत्रावरील तारखेवर बोट ठेवले, आणि ‘हा दाखला सहा महिन्यांवरचा आहे, नवा आणा’ एवढेच बोलून सारा संच दोऱ्यात बांधून परत केला. व्हिसाची मुदत संपली, वर मायदेशी परतला, आणि दोन्ही घरांनी धरलेला मुहूर्त टळला.

परकीयाशी विवाह करताना कागदपत्रांचा जाच किती सोसावा लागतो, हे ज्यांच्या घरी परदेशी सून वा जावई आला आहे त्यांना सांगावयास नको. त्या जाचाची संपूर्ण यादी देण्याचे आमच्या मनात नाही. आमचा सारा रोख एकाच मागणीवर आहे, आणि ती म्हणजे परकीयाने आपण अविवाहित असल्याचा, आपल्या सरकारचा ताजा दाखला आणलाच पाहिजे, ही होय.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५४ चा विशेष विवाह अधिनियम ‘कोणत्याही दोन व्यक्तीं’च्या विवाहाविषयी बोलतो, त्या व्यक्ती भारताच्या नागरिक असाव्यात अशी अट तो घालीत नाही. दोघांपैकी एकाने जिल्ह्यात ३० दिवस राहावे, नंतर नोटीस द्यावी, ती कचेरीत दर्शनी जागी लावली जावी, आणि आणखी ३० दिवस हरकतीची वाट पाहावी, असे एकूण ६० दिवस तो मागतो. नोटिशीपासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही, तर ती नोटीसही निकामी होते. मात्र वैवाहिक स्थितीविषयी कायद्याने जी व्यवस्था केली आहे ती पुरेशी आणि विचारपूर्वक केलेली आहे. ती स्थिती नोटिशीत लिहावयाची असते. पुढे विवाहापूर्वी तीन साक्षीदारांसमक्ष वधूवरांनी प्रतिज्ञापनावर सही करावयाची असते, आणि आपण अविवाहित, विधुर, विधवा वा घटस्फोटित आहोत, हे विधान खोटे ठरल्यास आपण कारावासास व दंडास पात्र होऊ, हे त्याच कागदात स्पष्ट लिहिलेले असते. पहिला विवाह लपवून दुसरा करणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा दंडसंहितेने सांगितली होती, आणि ती नव्या न्यायसंहितेतही कायम आहे. या साऱ्या व्यवस्थेत परक्या सरकारच्या ताज्या दाखल्याचा उल्लेख अधिनियमाच्या एकाही कलमात नाही.

आता हा दाखला म्हणजे वस्तुतः काय, हे पाहा. अमेरिकेत विवाहांची अखिल देशाची अशी एक नोंदवहीच नाही. नोंदी राज्याराज्यांत आणि काउंटी-काउंटींत विखुरलेल्या आहेत. त्यामुळे ‘हा मनुष्य अविवाहित आहे’ असे त्याचे सरकार सांगूच शकत नाही. तो स्वतःच शपथेवर तसे सांगतो, आणि वकिलातीतील अधिकारी इतकेच प्रमाणित करतो की ही शपथ माझ्यासमोर घेतली गेली. म्हणजे आपल्या विवाह अधिकाऱ्यासमोर जे विधान शिक्षेच्या भयाने करावयाचेच आहे, तेच विधान दुसऱ्या गावी, दुसऱ्या टेबलासमोर, शुल्क भरून आधी एकदा करून आणावयाचे. परदेशी कागदांना जोडल्या जाणाऱ्या अपोस्टिल या प्रमाणीकरणाचीही गत निराळी नाही. १९६१ च्या हेग करारान्वये, ज्यात भारत २००५ साली सामील झाला, अपोस्टिल केवळ सही, सही करणाऱ्याचा अधिकार आणि शिक्का यांचा खरेपणा सांगते. मजकुराच्या सत्यासत्यतेशी तिचा संबंध नाही. ज्या शिक्क्यामागे चौकशी नाही तो तीन ठिकाणी मारला म्हणून त्याची किंमत तिप्पट होत नाही.

फ्रान्ससारख्या देशात मनुष्याच्या जन्मनोंदीच्या समासात त्याच्या विवाहाची नोंद १८९७ पासून होते; तेथे असा दाखला देण्यास काही आधार तरी असतो. आपल्याकडे सर्व विवाहांची नोंद सक्तीची व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगूनही, देवळात वा मांडवात लागलेली असंख्य लग्ने कोणत्याही वहीत आलेली नाहीत. तरीही म्युनिकमध्ये लग्न करू इच्छिणाऱ्या मराठी तरुणाचे वृद्ध आईवडील तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवितात, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतात आणि तसाच आधारहीन दाखला मिळवून धाडतात. जर्मन कायदा निदान एवढे ओळखतो की काही देश असा दाखला देतच नाहीत, आणि त्यांच्या नागरिकांना उच्च प्रादेशिक न्यायालयाच्या अध्यक्षांकडून सूट मिळविण्याची वाट ठेवतो. पण त्या वाटेवरील चौकशीला कंटाळून कितीएक जोडपी डेन्मार्कच्या टोन्डर वा एरो येथे जाऊन लग्न उरकतात. सक्तीने कोणी प्रामाणिक झाला नाही. लग्नाचे ठिकाण तेवढे बदलले.

आमच्या विरोधकांचा सर्वांत लाडका आक्षेप असा की, परदेशी बायको असताना इथल्या मुलीला फसविणारे भामटे या दाखल्याने अडतात. हे विधान साफ खोटे आहे. ज्याला बायकोची वंचना करावयाची आहे, त्याला खोटी शपथ घेण्यात कसली अडचण? तो सर्वांत आधी आणि सर्वांत नीटनेटका दाखला घेऊन हजर होतो. अडतो तो सरळ मनुष्य, ज्याची तारीख चार दिवसांनी मागे गेली. फसलेल्या मुलींचा कळवळा ज्यांना खरोखर आहे, त्यांनी शोधता येईल अशी विवाहनोंदणी मागावी. मुलींच्या दुःखाचा उपयोग कारकुनी आळसाचे समर्थन म्हणून करू नये.

दुसरा आक्षेप त्याहून संतापजनक आहे : आयुष्यभराचा संबंध जोडावयाचा, तर एका कागदाचे काय एवढे? ज्या राज्यसंस्थेने दोन सज्ञान माणसांना विवाहाचा हक्क दिला, तिच्या नोकराने त्या हक्कापुढे कायद्यात नसलेले दार उभे करावे आणि वर सोशिकतेचा उपदेश करावा, हे स्वाभिमानी नागरिकाने ऐकून घेण्याजोगे नाही. आणि सहा महिन्यांच्या मुदतीचे तर्कशास्त्र कोणते? सहा महिन्यांत मनुष्य विवाह करू शकतो, तसा तो सहा दिवसांतही करू शकतो. त्या शंकेचे उत्तर विवाहाच्या वेळच्या प्रतिज्ञापनात आहे. जुन्या कागदाच्या तारखेत नाही.

सबब आमच्या मागण्या अशा : परकीय वधूवरांचे अधिनियमातील प्रतिज्ञापन पुरेसे मानावे, कचेरीने जादा कागद मागितल्यास त्याचे कलम लेखी नमूद करावे, आणि राज्यातील सर्व विवाहनोंदी एका ठिकाणी तपासता येतील अशी व्यवस्था करावी. तोवर ज्यांची नोटीस या कारणाने परत होईल, त्यांनी तोंडी नकार घेऊन घरी जाऊ नये. नकार लेखी मागावा, आणि तो कोणत्या कलमान्वये दिला हे २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून विचारावे. त्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर देणे कचेरीवर बंधनकारक आहे. असे शंभर अर्ज दाखल झाले म्हणजे या शिरस्त्याला कायद्याचा आधार नाही, हे कचेऱ्यांना स्वतःच्या सहीने कबूल करावे लागेल.