फुलांची घरगुती वाईन : ‘नैसर्गिक’ आहे म्हणून औषधी?

‘डॉक्टर, ही काही दारू नाही. घरी केलेली आहे, फुलांची आहे, केमिकल अजिबात नाही.’ पिंपळे गुरवच्या दवाखान्यात हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून ऐकतो. कुणी जास्वंदीची वाईन करतो, कुणाला गावाकडून मोहाची बाटली येते, कुणाचा अमेरिकेतला मुलगा तिथल्या डँडेलियन या पिवळ्या रानफुलाच्या वाईनची कृती पाठवतो. त्यात ‘रक्त शुद्ध होते, लिव्हर साफ होते’ अशी पुस्ती जोडलेली असते. मला हा समज चुकीचाच नव्हे, तर घातक वाटतो. का, ते सांगतो.

दारू फुलातून येत नाही, साखरेतून येते

डँडेलियन किंवा जास्वंदीच्या पाकळ्यांत साखर जवळजवळ नसते. फूल देते ते रंग आणि वास. दारू तयार होते ती आपण वरून घातलेल्या साखरेपासून. यीस्ट साखर खाते आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बनवते. एक लिटर पाण्यात २०० ग्रॅम साखर पूर्ण आंबली, तर साधारण १२ टक्क्यांची वाईन तयार होते. म्हणजे तुम्ही पिता ती साखरेची दारू. फूल फक्त नावाला.

मोहाचे फूल मात्र खरोखर गोड. वाळलेल्या फुलात निम्म्याहून जास्त साखर असते. म्हणूनच ते शतकानुशतके आदिवासींचे अन्न आहे. भाकरीत, लाडवात ते जाते. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुले गोळा करण्यावरचे निर्बंध उठवले, ते योग्यच झाले. पण फूल पौष्टिक म्हणून त्याची दारू पौष्टिक होत नाही. आंबताना साखरेचेच अल्कोहोल होते. आणि ज्या गडचिरोलीत मोह भरपूर, तिथल्याच लोकांनी, विशेषतः बायकांनी, दारूबंदीसाठी चळवळ केली आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात बंदी आली. मोह त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होता.

‘मग आसव-अरिष्टांचे काय?’

हा प्रश्न हुशार आहे. कुमारी आसवासारख्या औषधांत धायटीची फुले घालून आंबवतात, त्यातही अल्कोहोल असते. खरे आहे. पण ते १५ ते ३० मिली, पाणी घालून, वैद्याच्या सल्ल्याने, ठरावीक दिवस घ्यायचे असते. स्टीलचा ग्लास भरून, शनिवारी मित्रांसोबत, चकलीबरोबर नव्हे. ज्यांचे यकृत आधीच बिघडले आहे, त्यांनी तेही विचारल्याशिवाय घेऊ नये.

‘वाईन म्हणजे दारू नव्हे’

जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकण्याचा निर्णय झाला, तेव्हा हे वाक्य आपल्याकडे फार गाजले. हिशेब करू. १२ टक्क्यांच्या वाईनचा २०० मिली ग्लास म्हणजे २४ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनाने सुमारे १९ ग्रॅम. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम. म्हणजे एक ग्लास वाईन बरोबर जवळजवळ दोन पेग. यकृताला बाटलीवरचे लेबल वाचता येत नाही. घरच्या बाटलीवर तर ते नसतेच, त्यामुळे किती टक्के हे पिणाऱ्यालाही ठाऊक नसते.

मद्य कर्करोग निर्माण करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ मध्येच जाहीर केले. २०२३ मध्ये संघटनेने स्पष्ट सांगितले की आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही. त्यात ‘फुलांची सोडून’ अशी सूट नाही.

घरच्या बाटलीतले आणखी धोके

भीतीपोटी खोटे सांगणार नाही : नुसत्या आंबवण्याने सहसा कुणी आंधळे होत नाही. २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून अधिक जीव गेले, ते मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. पण घरी हे धोके खरे आहेत :

- झाकण घट्ट लावलेली बाटली आतल्या वायूने फुटते; काच डोळ्यात जाऊ शकते.
- आंबट द्रव तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवला तर धातू त्यात उतरतो.
- रस्त्याकडेच्या, बागेतल्या फुलांवर कीटकनाशक असू शकते. कण्हेर आणि धोतरा तर विषारीच.
- कुकरला नळी जोडून दारू गाळणे म्हणजे आगीला आमंत्रण. परवान्याशिवाय दारू बनवणे राज्यात गुन्हाही आहे.

औषधे चालू असतील तर

मधुमेहात ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर दारूमुळे अचानक उतरते, आणि घरचे ‘चढली असेल’ म्हणून झोपू देतात. मेटफॉर्मिन, झोपेच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधे, मेट्रोनिडाझोल यांच्याबरोबरही मद्य नको. फॅटी लिव्हर असलेल्यांना तर ‘लिव्हर साफ करणारी’ वाईन म्हणजे जखमेवर मीठ.

आपल्याकडे भोसरी, चाकणच्या कंपन्यांत शिफ्टमध्ये काम करणारे खूप. नाईट करून आल्यावर झोप यावी म्हणून एक ग्लास, असे अनेकजण सांगतात. दारूने डोळा लागतो, पण झोप तुटक होते. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल जाळते. दोन ग्लास उतरायला चार-पाच तास लागतात. तोवर दुचाकी आणि प्रेस मशीन दोन्ही धोक्याची.

मग करायचे काय?

फुलांची हौस असेल तर जास्वंदीचे सरबत करा, मोहफुलांचे लाडू खा, आंबवू नका. आणि जे रोज पितात त्यांनी एकाएकी बंद करू नये. थरथर, भास, फिट येऊ शकते. आधी डॉक्टरांना भेटा; पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करते आहे. दवाखान्यात विचारले की ‘पिता का?’, तर घरची वाईनही मोजून सांगा. मी रागावणार नाही. पण तिला औषध म्हणालात, तर वाद घालीन.