चहाला तारे द्या, नावाला नको

आमच्या नाक्यावरच्या हॉटेलला मी मोबाइलवर पाचपैकी दोन तारे दिले. त्यानंतर चार दिवस मोहल्ल्यातले लोक माझ्या सलामाला तोंडातल्या तोंडात जवाब देत होते.

लिहिलं होतं ते इतकंच. चहा उत्तम, खिमा-पाव त्याहून उत्तम. पण टेबल पुसायचं आणि कपबशी पुसायचं फडकं एकच. पिण्याच्या पाण्याच्या पिंपावर झाकण नाही. बिल मागितलं तर ‘बिल कशाला, भाई?’ असं उत्तर मिळतं. तोंडी हिशेब दर वेळी पाच-दहा रुपयांनी चुकतो आणि तो गिऱ्हाइकाच्या बाजूनं चुकल्याचं मला आठवत नाही. शाळेच्या वेळात टेबल पुसणारा पोरगा बारा वर्षांच्या वर दिसत नाही. आणि बाईमाणसाला बसायला जागा नाही.

हे हॉटेल मला परकं नाही. सोलापुरात गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हा अब्बा पाळी संपवून इथंच बसायचे. त्यांच्या टेबलावर एक पद्मशाली विणकर असायचा, एक पोस्टमन आणि एक मराठी शाळेतले गुरुजी. चौघांत दोन फुल चहा, चार बश्या आणि एकच पेपर. हॉटेल कोणाचं हे चौघांनाही ठाऊक होतं. त्यावरून चहाची चव ठरत नव्हती. चहा पांचट झाला की गुरुजी गल्ल्यावरच्या शेठला सगळ्यांदेखत सुनवायचे आणि शेठ मुकाट्यानं दुसरा चहा पाठवायचा.

आता माझ्याकडे आलेले निरोप पाहा. ‘आपल्याच माणसाच्या पोटावर पाय देतोस?’ ‘बाहेरचे टपलेलेच आहेत, त्यात तू.’ एका नातेवाइकानं तर लिहिलं, ‘काही सांगायचं होतं तर कानात सांगायचं.’ कानात तीन वर्षं सांगून झालं होतं. फडकं तेच होतं.

मग मी त्या हॉटेलबद्दल इतरांनी काय लिहिलंय ते वाचायला बसलो. पाच तारे देणारे बरेच होते. ‘माशाअल्लाह, अपने भाई का होटल.’ चहा कसा होता? त्याबद्दल एक शब्द नाही. एक तारा देणारेही होते. ‘मालकाचं नाव बघा आणि मगच ठरवा.’ ‘हे लोक थुंकून देतात.’ यातला एकजण चारशे किलोमीटरवरच्या शहरातला. बाकीच्यांनीही काय खाल्लं, काय बिघडलं, याचा पत्ता नाही. ते या हॉटेलची पायरी चढले असतील असं वाटत नाही.

मला जे म्हणायचंय ते इथंच आहे. नाव वाचून एक तारा देणारा आणि नाव वाचून पाच तारे देणारा, दोघांनीही चहा प्यायलेला नाही. दोघे एकाच वर्गात शिकलेत. फरक एवढाच की पहिल्याकडे सत्ता आहे, संख्या आहे, आणि त्याच्या एका ताऱ्यानं एखाद्याची चूल विझू शकते. म्हणून आधी त्याच्याशी बोलतो.

नाव विचारून चहा पिण्याची रीत या देशात नवी नाही. इंग्रजांच्या काळात रेल्वे स्टेशनांवर ‘हिंदू चहा’ आणि ‘मुसलमान चहा’ अशा वेगवेगळ्या हाळ्या ऐकू यायच्या. पाण्याचे घडेसुद्धा वेगळे. गावोगावच्या हॉटेलांत दलितांची कपबशी बाहेर वेगळी ठेवलेली असायची. ती ज्यानं त्यानं विसळायची आणि पुन्हा तिथंच ठेवायची. त्या कपबशीचा स्वच्छतेशी काडीचा संबंध नव्हता. ती कपबशी फक्त एवढंच सांगत होती की पिणारा कोण आहे. आज हॉटेलच्या पाटीवर मालकाचं नाव मागणारे हेच करतायत, फक्त आता नजर पिणाऱ्याऐवजी पाजणाऱ्यावर आहे.

2024च्या जुलैत उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडात कावड यात्रेच्या वाटेवरच्या खाणावळींना मालकांची नावं लावायला सांगण्यात आलं. 22 जुलैला सर्वोच्च न्यायालयानं त्याला अंतरिम स्थगिती दिली. अन्न कोणत्या प्रकारचं आहे ते लिहायला सांगता येईल, मालकाचं आणि नोकरांचं नाव लिहायची सक्ती करता येणार नाही, असा त्या आदेशाचा आशय होता. सुनावणीत न्यायमूर्ती एस. व्ही. एन. भट्टी यांनी केरळमधला स्वतःचा अनुभव सांगितला. तिथं एका शहरात दोन शाकाहारी हॉटेलं होती, एक हिंदूचं, एक मुसलमानाचं. ते मुसलमानाच्या हॉटेलात जायचे, कारण दुबईहून परतलेल्या त्या मालकानं स्वच्छता चोख ठेवली होती. गिऱ्हाइकानं असंच वागायचं असतं. अन्नात कोणी घाण केली, तर त्या माणसाला पकडायला कायदा आहे, अन्न व औषध प्रशासन आहे. त्यासाठी अख्ख्या जमातीच्या भांड्यांवर शिक्का मारायची गरज नाही.

इथवर आमचे लोक टाळ्या वाजवतील. पुढचं त्यांच्यासाठी आहे.

भट्टींच्या गोष्टीतला तो मालक जिंकला तो सहानुभूतीवर नाही, स्वच्छतेवर. आपण त्या गोष्टीचा पूर्वार्ध फॉरवर्ड करतो आणि उत्तरार्ध गाळतो. बाहेर द्वेष आहे हे खरं. पण त्या द्वेषाची आपण छान ढाल केली आहे. कोणी फडक्याबद्दल बोललं की तो ‘त्यांचा माणूस’. कोणी बिल मागितलं की तो ‘जास्त शिकलेला’. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आपली मूठ झाकलेली आणि पाण्याचं पिंप उघडं, असा प्रकार आहे.

आणि हे सगळं दीनच्या नावावर खपवू नका. प्रेषितांची बाजारातली ती हदीस मदरशातल्या लहान मुलालाही माहीत असते. धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला, तर आतलं धान्य ओलं लागलं. पावसानं भिजलं, असं विक्रेता म्हणाला. मग भिजलेलं वर का नाही ठेवलंस, असं त्यांनी त्याला विचारलं आणि फसवणाऱ्याला सुनावलं. तेही भर बाजारात. कुरआनातली 83वी सुरह, अल-मुतफ्फिफीन, मापात मारणाऱ्यांच्या नावानेच ओळखली जाते. ज्या धर्मात राशीत हात घालून बघणं ही सुन्नत आहे, तिथं पिंपात डोकावणारा गद्दार कसा ठरतो? दारावर ‘हलाल’ लिहिलं म्हणजे काम संपलं नाही. उघडं पाणी, चुकीचा हिशेब आणि कोवळ्या पोराची मजुरी यांना ती पाटी हलाल करत नाही. हॉटेलात आणि चहाच्या टपरीवर लहान मुलांना कामाला ठेवायला 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. ‘यतीम आहे, मी सांभाळतो,’ असं शेठ म्हणतो. सांभाळतोस तर शाळेत घाल.

आता बायकांचं. आमच्या मोहल्ल्यात घरटी एक बाई बिड्या वळते. तयार बिड्या कारखान्यात द्यायच्या, मोजून घेताना काही बाद होणार, नवी पानं-तंबाखू घेऊन परत यायचं. परतीच्या वाटेवर हे हॉटेल आहे. आमच्या शेजारच्या खाला चाळीस वर्षं त्यासमोरून जातायत. चहा प्यायचा झाला तर बाहेर, फुटपाथवर, उभ्यानं. आत मात्र ज्यांना काही काम नाही असे आमचे तरुण एका कटिंगवर दोन तास बाकडं अडवून बसलेले. एकदा मी बायकोला घेऊन गेलो, तर पोरानं वर बोट दाखवलं, ‘फॅमिली रूम.’ वर एक खोली, पडदा लावलेली, त्यात कांद्याची पोती. उतरताना बायको म्हणाली, ‘मला कांद्यांबरोबर बसवायचं होतं, तर घरीच बसले असते.’

मालकाचं नाव विचारणाऱ्यांना आपण संविधान दाखवतो. दाखवायलाच हवं. पण कलम 15(2) पूर्ण वाचा. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत प्रवेशाबाबत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाला अडवायचं नाही. धर्म आणि लिंग एकाच ओळीत आहेत. त्यातला आपल्या सोयीचा शब्द उचलायचा आणि खालांच्या सोयीचा शब्द सोडायचा, हे चालणार नाही.

‘पण ही वेळ आहे का?’ हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला गेला. मी उलट विचारतो, आपल्याकडे ती वेळ कधी आली होती? अब्बांच्या काळात हॉटेलं भरलेली होती, तेव्हाही बायका बाहेरच उभ्या होत्या. वाईट दिवसांत माणसानं स्वतःला जास्त नीट ठेवायचं असतं. ते द्वेष करणाऱ्यांची मनं जिंकायला नव्हे, त्यांची मनं झाकणानं बदलणार नाहीत. जे रोज तिथं चहा पितात त्यांचं पोट बिघडू नये म्हणून.

पाचव्या दिवशी शेठनं मला हाक मारली. रागावले होते, पण चहा मागवला. पिंपावर झाकण होतं. फडकी दोन होती. अन्न नोंदणीचा कागद गल्ल्यामागे लागला होता. तो पोरगा दिसला नाही. शाळेत जातो की दुसऱ्या टपरीवर गेला, याचं सरळ उत्तर मिळालं नाही. शेठ म्हणाले, ‘अब तो तारे बढ़ाओ.’

एक तारा वाढवला. बाकीचे दोन कधी, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एक त्या पोराचं दप्तर बघितल्यावर. आणि एक खाला बिड्यांची टोपली बाकड्याखाली ठेवून आत बसतील, हाफ चहा मागतील, आणि कोणी वळून बघणार नाही, त्या दिवशी.